स्थळ : तिसरा मजला, डावीकडचं दार

मला पोहता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचताना वाचकांच्या मनात नाही नाही त्या शंका यायला नकोत. पोहणंच काय, पाण्याशी माझा संबंध बादलीभर पाण्यापलीकडे कधी गेला नाही. सदतीस वर्षं मी एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि आपण कुठे दिसायचं नाही. हे काम माझ्या स्वभावाला इतकं मानवलं, की निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी कानावरची पेन्सिल निघालेली नाही. ती नसली की कान उघडा पडल्यासारखा वाटतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत नात आली. वय वर्षं नऊ. एका जागी म्हणून ठरत नाही, म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणतो. ठरल्याप्रमाणे पहिले तीन आठवडे ती आमच्याकडे आणि नंतर तिच्या दुसऱ्या आजोबांकडे. हे दुसरे आजोबा, म्हणजे माझे व्याही, बँकेत मोठे साहेब होते. ते राहतात तिथे इमारतींच्या मधोमध पोहण्याचा तलाव आहे. निळ्या फरशीचा. त्याचे फोटो ते आम्हाला नियमाने पाठवतात. प्रत्येक फोटोत तलावाच्या काठावर खुर्ची, खुर्चीत ते आणि त्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा. असा माणूस एकदा पाहिला की आपण आयुष्यात काय केलं, असा प्रश्न पडतो.

आल्या दिवशीच भिंगरीने मला बाजूला घेतलं.

"आजोबा, मला पोहायला शिकायचंय. इथेच. तिकडे जायच्या आधी."

"तिकडे तर तलावच आहे की."

"म्हणून तर! तिथली सगळी मुलं धाडकन उड्या मारतात. मागच्या वर्षी मी काठावरच बसून होते. मी आणि ते आजोबा, दोघंच."

तिचा खालचा ओठ किंचित पुढे आला होता. माणसाने अशा वेळी खिडकीबाहेर बघावं. मी ओठाकडे पाहिलं आणि म्हणालो, "शिकवू की."

स्वयंपाकघरातून आमच्या हिचा आवाज आला. "कोण शिकवणार? आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

दुसऱ्या दिवसापासून मी चौकशीला लागलो. जवळच्या क्लबात पोहायला शिकायचं तर आधी सभासद व्हावं लागत होतं, सभासद व्हायला दोन सभासदांची शिफारस लागत होती, आणि शिफारस करणाऱ्यांना भेटायचं तर क्लबात शिरावं लागत होतं, जिथे फक्त सभासदांनाच सोडत. मी दारावरच्या माणसाचे आभार मानून परत आलो. नाकारणाऱ्याचे आभार मानण्याची मला जुनी सवय आहे.

तेवढ्यात महापालिकेचं पत्रक हाती लागलं. 'उन्हाळ्यातील मोफत व अल्पदरातील उपक्रम'. चार पानं, एक्केचाळीस उपक्रम. मी ते पेन्सिल घेऊनच वाचलं, त्याला माझा इलाज नाही. चुका त्रेसष्ट निघाल्या. पण उपक्रम क्रमांक सतरा वाचून माझे डोळे चमकले. 'पोहण्याचे प्राथमिक शिक्षण. मोफत. वय : सर्व. वेळ : सकाळी सात ते साडेआठ. स्थळ : ' आणि त्यापुढे काहीच नव्हतं. नुसता कोरा कागद.

कुठे शिकवतात ते कळेपर्यंत मुलीचा वेळ जावा म्हणून आम्ही इतर उपक्रम करून पाहिले. वस्तुसंग्रहालयाला बुधवारी प्रवेश मोफत होता, आणि बुधवारीच त्यांची साप्ताहिक सुट्टी होती. उद्यानातल्या पक्षीनिरीक्षणाला गेलो, तर तिथे एकच गृहस्थ दुर्बीण लावून उभे. आम्ही तासभर त्यांच्या मागे मागे झाडांखालून फिरलो. शेवटी भिंगरीनेच विचारलं तेव्हा कळलं, की ते आपला उडून गेलेला पोपट शोधत होते. संध्याकाळच्या वाद्यवृंदाच्या मोफत कार्यक्रमात पहिला तास वाद्यं जुळवण्यात गेली. भिंगरीला ते जुळवणंच आवडलं. गाणं सुरू झालं तेव्हा ती म्हणाली, "संपलं का? चला."

पण रोज रात्री झोपताना एकच प्रश्न. "आजोबा, पोहायचं कुठे ते कळलं?"

शेवटी मी महापालिकेच्या कचेरीत गेलो. नागरिक सुविधा विभागाच्या खिडकीपाशी रांग होती. माझा नंबर येईपर्यंत मी वाक्य मनात अकरा वेळा घोळवलं होतं, आणि नंबर आल्यावर ते पार विसरलो.

"काय काम?" खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"नाही, तसं काही नाही. म्हणजे, सतरा नंबर. स्थळ नाही."

"लेखी द्या."

माझ्याकडे कागद नव्हता. पत्रक होतं. आता या ठिकाणी वाचकांना आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. मजकुरात काही राहिलं असेल, तर आम्ही मुद्रितशोधक तिथे पाखराच्या पावलासारखी खूण करतो, तिथून समासापर्यंत रेघ ओढतो आणि राहिलेला मजकूर समासात लिहितो. खिळे जुळवणारा जुळारी तो उचलून आत बसवतो. आणि जो मजकूर छापायचा नसतो, नुसती सूचना असते, तिच्याभोवती गोल करायचा. गोल केलेलं छापायचं नाही, न केलेलं छापायचं. धंद्यातला हा पहिला धडा.

मी सतरा नंबरपुढे पाखराचं पाऊल काढलं. रेघ ओढली. समासात लिहिलं, 'स्थळ राहिले आहे. कळवावे.' त्याभोवती गोल केला. उत्तर कुठे पाठवायचं ते कळावं म्हणून खाली माझा पत्ता लिहिला, आणि त्याभोवतीही गोल करणार, इतक्यात मागचे गृहस्थ म्हणाले, "आजोबा, आटपा की. चित्रं काय काढताय?" मी ओशाळलो आणि पत्रक खिडकीत सरकवून निघालो.

तो गोल राहिला. सदतीस वर्षांत एकदाही राहिला नव्हता.

पाच दिवसांनी इमारतीच्या दारात पत्रकाची सुधारित आवृत्ती येऊन पडली. मी ती उचलली आणि पायऱ्या चढत वाचू लागलो. त्रेसष्टच्या त्रेसष्ट चुका दुरुस्त झालेल्या! माझ्या आयुष्यात कोणी माझं इतकं ऐकलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत माझी छाती थोडी फुगली होती. तेवढ्यात वरून धावत आलेल्या भिंगरीने पत्रक ओढून घेतलं आणि ती किंचाळली.

"आजोबा! पोहायचं आपल्याच घरी आहे!"

'स्थळ : ' पुढे माझा पत्ता होता. इमारतीचं नाव, तिसरा मजला, डावीकडचं दार. मी तीनदा वाचला. एक वेलांटी चुकलेली नव्हती. इतका निर्दोष छापलेला मजकूर मी आजवर पाहिला नव्हता.

"कोण येतंय इथे पोहायला?" मी म्हणालो. "लोकांना अक्कल असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पाच मिनिटं असताना दारावरची घंटा वाजली.

दारात एक अवाढव्य गृहस्थ उभे होते. खांद्यावर टॉवेल, काखेत ट्रकच्या चाकाची फुगवलेली ट्यूब. त्यांच्या मागे एक उंच, ताठ बाई, डोक्याला गच्च रबरी टोपी. त्यांच्यामागे आणखी तिघं.

"पोहण्याचा क्लास इथेच ना?" गृहस्थांनी विचारलं. "मी शिंपी. कोपऱ्यावरचं दुकान माझंच. या सिस्टर, दवाखान्यातून निवृत्त झाल्यात. हे बस कंडक्टर. टाकी गच्चीवर आहे का तुमची?"

इथे माझ्या जागी दुसरा कोणी असता, तर म्हणाला असता, "चूक झाली आहे, क्षमा करा." हे पाच शब्दांचं वाक्य मलाही पाठ आहे. पण समोर ट्यूब होती. ती कोणीतरी तोंडाने फुगवली असावी असं शिंप्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मी म्हणालो, "या, बसा."

बैठकीच्या खोलीत पाच माणसं टॉवेल घेऊन बसली. बोलायला विषय नव्हता. आमच्या हिने चहा ठेवला आणि मला आत बोलावलं.

"अहो, ती माणसं ओली व्हायला आलीयेत. चहाने किती ओली होणार?"

"काय सांगू मी त्यांना?"

"खरं सांगा."

मी खरं सांगायलाच बाहेर आलो. पण बाहेर भिंगरी खोलीच्या मधोमध उभी राहून सांगत होती, "माझ्या आजोबांना पोहण्याचं सगळं पुस्तक पाठ आहे. खरंच! विचारा हवं तर."

आता हे मात्र खोटं नव्हतं. छापखान्यात असताना पोहण्यावरचं एक जाडजूड पुस्तक माझ्या हाताखालून गेलं होतं. त्याची प्रुफं मी चार वेळा वाचली. हात कसा वळवावा, श्वास कुठे घ्यावा, पाय कसे झाडावेत, सगळं आजही तोंडपाठ. नाही म्हणायला त्यातली पृष्ठं एकोणपन्नास ते चौसष्ट तेवढी मी वाचलेली नाहीत. ती सोळा पानं आली तेव्हा मला ताप होता, आणि ती दुसऱ्याने वाचली.

"विचारायचं काय त्यात!" शिंपी म्हणाले. "सुरुवात करा, मास्तर."

मला आजवर कोणी मास्तर म्हणालं नव्हतं. आणि पुस्तकातल्या दुसऱ्या प्रकरणाचं नाव माझ्या डोळ्यांपुढे आलं. 'पाण्यावाचून पूर्वतयारी'. पोट स्टुलावर टेकवून आडवं व्हायचं आणि हातपाय हवेत मारायचे. मी म्हणालो, "गच्चीवर चला. येताना स्टुलं घ्या."

गच्चीवर सहा स्टुलांवर सहा माणसं पालथी पडली आणि मी पृष्ठ तेवीस म्हणायला सुरुवात केली. "उजवा हात कानाजवळून पुढे. बोटं जुळलेली. आता पाणी मागे लोटा."

"कुठलं पाणी?" कंडक्टर.

"समजा."

"समजलं."

भिंगरी सगळ्यात पुढच्या स्टुलावर होती. असे हात मारत होती, की मला खरंच वाटलं ती स्टुलासकट पलीकडच्या इमारतीवर जाणार.

इतक्यात सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. सेक्रेटरी म्हणजे नियम. आयुष्यभर हेडक्लार्क होते, आणि आता इमारतीत टाचणी पडली तरी ती कोणत्या कलमाखाली पडली ते पाहतात. त्यांनी पालथ्या पडलेल्या माणसांकडे पाहिलं आणि नंतर माझ्याकडे.

"हे काय चाललंय?"

"पोहणं," मी हळूच म्हणालो.

"गच्चीवर?"

"पत्रकात तसं आलंय. महापालिकेच्या."

महापालिका म्हटल्यावर ते जरा नरमले. खाली जाऊन नियमावली घेऊन आले. उन्हात उभं राहून त्यांनी ती सगळी वाचली. गच्चीवर कपडे वाळत घालण्याबद्दल चार कलमं होती, अँटेनाबद्दल दोन, कबुतरांना दाणे टाकण्याबद्दल एक. पोहण्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

"पाणी सांडणार असेल, तर कलम नऊ लागेल," ते आशेने म्हणाले.

"पाणी नाहीच आहे."

"अजिबात नाही?"

"थेंबभर नाही."

त्यांचा चेहरा पडला. हरकत घ्यायला आलेल्या माणसाला हरकत सापडू नये, यासारखं दुःख नाही. दुसऱ्या दिवशी ते स्टूल घेऊन आले. म्हणाले, "देखरेख करायला आलोय." आणि पालथे झाले.

आठवड्यात माणसं चौतीस झाली. स्टुलं कमी पडू लागली. आमच्या घरात बसायला काही उरलं नाही, आणि ही उभ्याउभ्या भाजी चिरताना म्हणायची, "उंटावरून शेळ्या हाकलेल्या ऐकल्या होत्या. स्टुलावरून मासे हाकणारे तुम्ही पहिलेच." समोरच्या इमारतीतून लोक खिडकीत उभं राहून बघायचे आणि सल्ले द्यायचे. "पाय जरा वर घ्या!" "त्या टोपीवाल्या बाई पहिल्या येणार!" एकदा शिंपी जोरात हात मारता मारता स्टुलावरून खाली गडगडले. सिस्टरांनी धावत जाऊन त्यांना कुशीवर वळवलं आणि सवयीने त्यांच्या पोटातलं पाणी काढायला सुरुवात केली.

"अहो सिस्टर, मी कोरडा आहे!" शिंपी ओरडले.

मी मात्र रोज पळून जायच्या विचारात होतो. लोकांना फसवतोय असं वाटायचं. म्हणून नवी नोंद करताना मी एका वहीत नाव, वय, सही आणि 'पाणी नाही हे मला माहीत आहे' असा रकाना ठेवला. सगळ्यांनी त्यावर आनंदाने सह्या केल्या. तरी मन खाई, म्हणून पुन्हा कचेरीत गेलो.

"केंद्र बंद करायचं आहे," मी खिडकीतल्या बाईंना सांगितलं.

"केंद्रप्रमुखाचा अर्ज लागेल."

"केंद्रप्रमुख कोण?"

त्यांनी पत्रक पाहिलं. "तुम्हीच."

"मग मी देतो अर्ज."

"तपासणी झाल्याशिवाय केंद्र बंद करता येत नाही. तपासनीस येतील. पुढे बोला, कोण आहे?"

घरी आलो तर भिंगरी फोनवर बोलत होती. "हो आजोबा, येतं मला पोहायला! आमच्या आजोबांनी शिकवलं. रविवारी दाखवते तुम्हाला. धाडकन उडी मारून!"

मी बसायला जवळचं स्टूल शोधलं. ते गच्चीवर होतं.

रविवारी तिचे बाबा तिला न्यायला येणार होते. रविवारी ही पोर त्या निळ्या फरशीच्या तलावात, माझ्या भरवशावर, धाडकन उडी मारणार होती. आणि माझा भरवसा म्हणजे काय, तर सोळा पानं कमी असलेलं एक पुस्तक. त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. तिला सांगावं, की बाळ, हे सगळं खोटं पोहणं आहे? मग ती पुन्हा काठावर बसणार. न सांगावं, तर काय होईल ते मनात आणवत नव्हतं. रविवारच्या आत तिला खऱ्या पाण्यात, माझ्या डोळ्यांदेखत उतरवायला हवं होतं. आणि माझ्याजवळ बादलीपलीकडे पाणी नव्हतं.

गुरुवारी सकाळी तपासनीस आले. बारीक, घामेजलेले गृहस्थ, हातात फळी आणि तिला लावलेला छापील तक्ता. गच्चीच्या दारात ते बराच वेळ उभे राहिले. समोर चौतीस माणसं एका तालात हात मारत होती.

"पाण्याची खोली?" त्यांनी शेवटी विचारलं.

"शून्य," मी म्हणालो.

त्यांनी लिहिलं. "पाणी किती दिवसांनी बदलता?"

"लागू नाही."

"आजवर बुडालेले?"

"एक. पण ते कोरडे निघाले."

मी शिक्षेची वाट पाहत होतो. त्यांनी नोंदवही मागितली, पानं उलटली आणि ते एकदम स्टुलावरच बसले.

"चौतीस सह्या! तुम्हाला सांगतो, एक्केचाळीस उपक्रमांपैकी चाळीस पाहून झाले. कुठे कुलूप, कुठे कुत्रं. नोंदवही एकाकडेही नाही. आणि इतकं सुरक्षित पोहणं तर मी नोकरीत पाहिलेलं नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पण हे तलावावर का नाही करत?"

"कुठल्या तलावावर?"

"आपल्या. महापालिकेच्या. भाजीबाजाराच्या मागे. उपक्रम सतरा तिथलाच तर आहे!"

हळूहळू उलगडा झाला. बाजारामागे महापालिकेचा जुना तरणतलाव होता. दर आठवड्याला स्वच्छ होत होता, भरलेला होता, शिट्टी घेतलेला राखणदारही होता. पण तीन वर्षांपूर्वी तो 'प्रतिसादाअभावी' बंद झाला. तीस जणांच्या सह्या आल्या तर उघडायचा, असा नियम. बंद असल्यामुळे पत्रकात त्याचं स्थळ छापलं नव्हतं. आणि स्थळ छापलं नसल्यामुळे प्रतिसाद येत नव्हता.

"तीस सह्या," मी म्हणालो.

"तुमच्याकडे चौतीस आहेत."

"शनिवारी?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "शनिवारी उघडेल?"

"उघडतो. फक्त एक कलम आहे." सेक्रेटरींनी स्टुलावरून मान वर केली. कलम म्हटलं की त्यांना पालथं राहवत नसे. "प्रशिक्षकाने सर्वांच्या आधी पाण्यात उतरून दाखवावं लागतं."

"प्रशिक्षक कोण?" मी विचारलं. हे विचारण्यात अर्थ नव्हता. वहीच्या पहिल्या पानावर माझी सही होती.

भिंगरी स्टुलावरून उडी मारून माझ्या कमरेला बिलगली. मी म्हणालो, "उतरू की." स्वयंपाकघर एक मजला खाली होतं. तरीही हिने कपाळावर हात मारल्याचा आवाज मला आला.

शिंप्यांनी रातोरात माझ्या मापाचा पोहण्याचा पोशाख शिवला. निळा, गुडघ्यापर्यंत, आणि त्याला खिसा. "पेन्सिल ठेवायला," ते म्हणाले. मी ती सवयीने कानावरच ठेवली.

शनिवारी सकाळी सातला कुलूप निघालं. तलाव मोठा होता, हिरवट निळा आणि अगदी स्तब्ध. तीन वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता असं वाटत होतं. चौतीस माणसं काठावर टॉवेल घेऊन उभी होती. हीसुद्धा आली होती. "विधवा व्हायचंच, तर निदान समोर असावं," असं तिने येताना म्हणून ठेवलं होतं. राखणदाराने शिट्टी फुंकली. तीन वर्षांनी फुंकायला मिळाल्यामुळे त्याने ती जरा जास्तच फुंकली.

मी शिडी उतरलो. पाणी कमरेपर्यंत. पाय लटपटत होते, पण ते पाण्याखाली असल्यामुळे कोणाला दिसले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा माझी भीती झाकली गेली होती. "ठीक आहे," मी म्हणालो. "या."

आणि मंडळी आली. शिंपी उतरले तेव्हा पाणी काठाबाहेर गेलं आणि सेक्रेटरी काठावरून ओरडले, "कलम नऊ!" कंडक्टर सवयीने म्हणाले, "पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा करा!" मग सगळ्यांनी पृष्ठ तेवीसप्रमाणे हात मारायला सुरुवात केली, आणि नवल असं, की माणसं पुढे जाऊ लागली! सिस्टर तर सरळ रेषेत निघाल्या, भिंतीवर डोकं आपटेपर्यंत थांबल्या नाहीत.

थांबणं. तीच तर अडचण होती.

भिंगरी माझ्या समोरून निघाली. एक हात, दोन, तीन, चार, सात, आठ. मी मोजत होतो. नवव्या हाताला ती दमून थांबली, आणि थांबताच गटकन खाली गेली. पाणी तिच्या छातीएवढंच होतं. ती लगेच उभी राहिली, खोकली आणि केस बाजूला करत माझ्याकडे आली. डोळ्यांत पाणी होतं, ते तलावाचं की तिचं ते कळेना.

"आजोबा, हात मारतेय तोवर जमतं. थांबलं की बुडते. तिकडे तर मधे खोल आहे. थांबायचं कसं?"

पृष्ठं एकोणपन्नास ते चौसष्ट. प्रकरण पाचवं, 'तरंगणे'.

सगळे थांबून माझ्याकडे बघत होते, कारण सगळ्यांचीच अडचण तीच होती. मला बोलावंच लागलं. "मला माहीत नाही," मी म्हणालो. "ते प्रकरण मी वाचलेलं नाही. मला ताप होता. आणि खरं सांगायचं तर मला पोहताही येत नाही. मी आज पहिल्यांदाच पाण्यात..."

एवढं बोलून लाजेने मी एक पाऊल मागे घेतलं, आणि तिथे शेवाळ होतं.

मी उताणा पडलो. आता पुढे काय झालं ते नीट सांगतो. पाण्यात पडलेला माणूस धडपडतो. का? कारण त्याला वाटतं, हातपाय मारले तर आपल्याला जमेल. मला असं काही वाटलं नाही. आपल्याला कुठलीच गोष्ट जमत नाही, याबद्दल माझी लहानपणापासून खात्री आहे. मी मनात म्हटलं, झालं, आणि हातपाय सोडून दिले. आभाळाकडे बघत राहिलो. छान होतं आभाळ. त्यात एकही चूक नव्हती.

थोड्या वेळाने लक्षात आलं, की अजून दिसतंय.

"मास्तर तरंगतायत!" शिंप्यांचा आवाज कुठून तरी लांबून आला.

"आजोबा, हलू नका! तसेच राहा!" भिंगरीचा चेहरा माझ्या चेहऱ्यावर वाकला होता. तिने माझे हात पाहिले, पाय पाहिले, मान पाहिली. "काही करतच नाहीयेत!" ती सगळ्यांना ओरडून म्हणाली. "अहो, काहीच करायचं नसतं!" आणि माझ्या शेजारी ती उताणी झाली. एकदा पाय खाली गेले. पुन्हा. तिसऱ्या वेळी ती राहिली.

मग एकेक जण. सिस्टर टोपीसह, कंडक्टर, शिंपी एखाद्या बेटासारखे. "यात नियमबाह्य काही नाही ना?" असं विचारून सेक्रेटरीही. राखणदाराची शिट्टी तोंडातच राहिली. चौतीस माणसं तलावभर गप्प पडून होती, आणि माझ्या कानावरची पेन्सिल सुटून आमच्या मधून तरंगत चालली होती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. ही काडी शेहेचाळीस वर्षं माझ्या कानावर होती, आणि तिला हे कोणी शिकवलंही नव्हतं.

"आजोबा," भिंगरी आभाळाकडे बघत म्हणाली, "ती सोळा पानं एवढीशीच होती होय?"

त्या दिवशी तिने तलाव तीनदा पार केला. दमली की मधेच उताणी व्हायची, माझ्याकडे बघून हात हलवायची आणि पुन्हा निघायची.

रविवारी तिचे बाबा तिला घेऊन गेले. घर एकदम मोठं झालं. स्टुलं परत जागेवर आली आणि त्यांवर बसायला कोणी नव्हतं. मी दिवसभर फोनशेजारी बसून काही न वाचता कुठल्याशा पुस्तकाची पानं उलटत होतो. संध्याकाळी फोन वाजला. व्याही होते. मी घाबरत 'हॅलो' म्हणालो.

"अहो, काय सांगू तुम्हाला!" ते म्हणाले. "आल्या आल्या धाडकन उडी! सगळी मुलं बघत राहिली. आणि मग तलावाच्या मधोमध जाऊन अशी आरामात उताणी पडली, जसं काही बिछान्यावर! तुम्ही शिकवलंत म्हणते."

"छे, मी काय," मी म्हणालो. "म्हणजे, थोडंफार."

मग त्यांचा आवाज खाली आला. मोठे साहेब इतक्या हळू बोलतात हे मला माहीत नव्हतं.

"तिने विचारलं मला, आजोबा, तुम्ही का नाही उतरत म्हणून. आता पोरीला काय सांगणार? सहा वर्षं त्या तलावाच्या काठावर बसतोय. काळा चष्मा लावून. तुमच्या त्या क्लासात, वयाची अट नाही ना काही?"

"वय : सर्व," मी म्हणालो.

"बरं. मग पुढच्या आठवड्यात येतो भिंगरीला घेऊन. येताना स्टूल आणावं लागतं का हो?"

मी मागे वळून पाहिलं. ही दारात उभी राहून ऐकत होती. तिने भिंतीकडचं एक स्टूल ओढलं, पदराने पुसलं आणि दाराजवळ आणून ठेवलं.

"नको," मी म्हणालो. "ते इथे आहे."